अंगठ्याला चादरही सोसवत नाही, अशा रात्री झोपावे कसे?

प्रश्न : माझ्या यजमानांचे वय ५६ वर्षे असून त्यांना रक्तदाबाची गोळी सुरू आहे. गेल्या वर्षभरात त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा तीनदा सुजला आणि तिन्ही वेळा दुखणे मध्यरात्रीनंतरच सुरू झाले. या वेळी श्रावण लागण्यापूर्वी मित्रांबरोबर गटारी साजरी झाली, आणि दुसऱ्या रात्री दोनच्या सुमारास ते विव्हळत उठले. अंगठा लालबुंद झाला होता; पांघरुणाचे टोक त्यावर पडले तरी ते ओरडत आणि मी नुसती कूस बदलली तरी त्यांना सणक बसे. मिठाच्या गरम पाण्याने शेकले, तर ठणका आणखी वाढला. अखेर सासूबाईंसाठी आणलेली झोपेची गोळी त्यांना दिली. एरवी मोठ्याने घोरणारा हा माणूस तरीही धड झोपला नाही, उलट पहाटे न्हाणीघराकडे जाताना तोल जाऊन पडता पडता वाचला. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी युरिक ॲसिड कमी करणारे फेबुक्सोस्टॅट सुरू केले होते; ते घेतल्यामुळेच दुखणे उलटले, असे शेजाऱ्यांचे मत पडल्याने आम्ही ती गोळी थांबवली आहे. युरिक ॲसिड ६.४, म्हणजे नॉर्मल आले आहे. चार रात्री आम्हा दोघांच्याही डोळ्याला डोळा नाही. झोप लागण्यासाठी काय करावे?
– एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपल्या पत्रात गरम पाणी आहे, झोपेची गोळी आहे, शेजाऱ्यांचे मतही आहे. पण या चार दिवसांत सांध्याची सूज उतरवणारे औषध कोणते आणि केव्हा घेतले, याचा कोठेही उल्लेख नाही. त्यामुळे उत्तराची सुरुवात मला तिथूनच करावी लागेल. गाऊटच्या, म्हणजे सांध्यात युरिक ॲसिडचे स्फटिक साचून होणाऱ्या संधिवाताच्या, झटक्यात झोप उडते ती सांध्यात पेटलेल्या दाहामुळे, आणि तो दाह आवरल्याशिवाय बाकीचे उपाय, त्यातले काही उपयोगाचे असले तरी, रात्र थोडीफार सुसह्य करण्यापलीकडे जात नाहीत.

आधी एक शंका दूर करतो, कारण अशा घरांत ‘एवढ्याशा अंगठ्यासाठी केवढा हा आरडाओरडा’ असे कोणी ना कोणी म्हणतेच. आपले यजमान अतिशयोक्ती करत नाहीत. सतराव्या शतकातील इंग्लंडमधील प्रसिद्ध डॉक्टर थॉमस सिडनहॅम हे स्वतः गाऊटचे रुग्ण होते आणि त्यांनी केलेल्या वर्णनातही रात्री दोनची वेळ, पांघरुणाचा न सोसणारा भार आणि खोलीत कोणी चालले तरी बसणारा हादरा या तिन्ही गोष्टी आहेत. दुखणे रात्रीच उठते हाही आपला भ्रम नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ७२४ रुग्णांच्या झटक्यांच्या वेळा नोंदवल्या होत्या. त्यात मध्यरात्र ते सकाळी आठ या काळात झटका येण्याची शक्यता दिवसाच्या तुलनेत सुमारे २.४ पट आढळली.

याची कारणे शरीराच्या रोजच्या चक्रात सापडतात. रक्तातील युरेट, म्हणजेच युरिक ॲसिड, साधारण ६.८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेले की ते पूर्ण विरघळलेले राहू शकत नाही, आणि तापमान उतरले की ही मर्यादा आणखी खाली येते. साखरेचा पाक गार झाल्यावर भांड्याच्या कडेला खडे धरतात, तसाच हा प्रकार आहे. पायाचा अंगठा हृदयापासून दूर आणि शरीराच्या गाभ्यापेक्षा थंड असतो, त्यातून रात्री शरीराचे तापमान थोडे उतरते आणि कित्येक तास पोटात पाणी जात नाही. शिवाय दाह आवरणारे कॉर्टिसोल हे शरीराचे स्वतःचे संप्रेरक मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते. स्फटिक तयार होण्यास आणि त्यांनी पेटवलेली आग मोकाट सुटण्यास याहून सोयीची वेळ नाही.

आता औषधाकडे येतो. झटक्यासाठी प्रामुख्याने तीन प्रकारची औषधे वापरली जातात : कोल्चिसिन, नेप्रोक्सेन किंवा इटोरिकॉक्सिबसारखी दाहशामक वेदनाशामके, आणि प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड. कोणते निवडायचे हे रुग्णाचे मूत्रपिंड, पोट, रक्तदाब, हृदय आणि साखर पाहून डॉक्टरांनीच ठरवायचे असते. त्यामुळे आपल्या यजमानांनी कोणते घ्यावे, हे मी या सदरातून सांगणार नाही. मात्र निवड कोणतीही असो, औषध जितके लवकर पोटात जाईल तितके ते अधिक काम करते. कोल्चिसिनच्या बाबतीत तर पहिल्या छत्तीस तासांनंतर घेतल्यास फायदा बराच घटतो. रात्री दोन वाजता औषधांचे दुकान उघडे नसते आणि आपल्या भागात पावसाळ्यात तर सकाळी नऊलाही तिथवर पोहोचणे सोपे नसते. म्हणून ज्यांना झटके वारंवार येतात, त्यांनी डॉक्टरांकडून ‘पहिली सणक जाणवताच काय, किती आणि किती दिवस घ्यावे’ हे लिहून घेऊन ते औषध घरात ठेवणे हाच रात्रीच्या झोपेचा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. या वेळचा चौथा दिवस उलटला असला, तरी आजच डॉक्टरांना दाखवावे; कोल्चिसिनची वेळ टळली असली तरी दाह उतरवण्याचे अन्य मार्ग आहेत.

या तिन्हींबाबत काही सावधगिरीच्या गोष्टी मात्र सांगितल्याच पाहिजेत. जुलाब होईपर्यंत कोल्चिसिनच्या गोळ्या घेत राहण्याची जुनी पद्धत अजूनही काही घरांत चालते. ती सोडून द्यावी. २०१० सालच्या एका चाचणीत तासाभरात दिलेली एकूण १.८ मिलिग्रॅमची मात्रा सहा तासांत दिलेल्या ४.८ मिलिग्रॅमइतकीच उपयोगी ठरली, आणि जुलाब-उलट्यांचा त्रास मोठ्या मात्रेत कितीतरी अधिक होता. क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक किंवा रक्तदाब-हृदयासाठीची व्हेरापामिल, डिल्टियाझेम ही औषधे चालू असतील तर कोल्चिसिन शरीरात साठून घातक ठरू शकते. वेदनाशामके उपाशीपोटी घेऊ नयेत. ती रक्तदाब वाढवतात, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांबरोबर घेतल्यास मूत्रपिंडावर ताण आणतात. म्हणून शेजारच्या घरातून आणलेली ‘स्ट्राँग पेनकिलर’ तर मुळीच नको. प्रेडनिसोलोन दिले असेल, तर दिवसाची मात्रा सकाळी न्याहारीनंतर घ्यावी, कारण हे औषध संध्याकाळी घेतले की त्यानेच झोप उडते, आणि मग दुखणे थांबूनही डोळे टक्क उघडे का, असा प्रश्न पडतो. मधुमेह असेल तर त्या दिवसांत साखरेवर लक्ष ठेवावे. डॉक्टरांची हरकत नसेल तर रात्री जोडीला पॅरासिटामॉल घेता येते; ते सूज उतरवत नाही, पण ठणक्याची धार थोडी बोथट करते. सर्दीतापाच्या गोळ्यांतही तेच असते, हे विसरून दुप्पट मात्रा मात्र घेतली जाऊ नये.

झोपेच्या गोळीबद्दल माझे मत स्पष्ट आहे : सासूबाईंची गोळी सासूबाईंनाच द्यावी. अशी गोळी दाहावर काहीच करत नाही, आणि एवढ्या ठणक्यात ती झोपही धड देत नाही. रुग्ण गुंगीत राहतो, एका पायावर लंगडत न्हाणीघराकडे निघतो आणि पडतो. आपल्याकडे ते थोडक्यात निभावले. दुसरे कारण आपण ओझरते लिहिले आहे, ते म्हणजे घोरणे. मोठ्याने घोरणाऱ्या अनेकांना झोपेत श्वास मधूनमधून अडकण्याचा, म्हणजे स्लीप ॲप्नियाचा विकार असतो आणि झोपेच्या गोळ्यांमुळे तो बळावतो. ज्यांना हा विकार आहे त्यांच्यात गाऊटचे प्रमाणही अधिक आढळले आहे. रात्री रक्तातील प्राणवायू वारंवार घटल्यामुळे युरेटची निर्मिती वाढते, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. ‘एक पेग घेतला की झोप लागेल’ हा सल्लाही मित्रमंडळींकडून येईल. या दुखण्यात दारू म्हणजे आगीत तेल, आणि बिअर तर विशेषच, कारण तिच्यात मद्यार्काबरोबर प्युरिनही (ज्याचे शरीरात युरिक ॲसिड होते तो घटक) असते.

आता अंथरुणाकडे वळू, कारण आज रात्रीपुरते आपल्या हातात सर्वांत जास्त तेच आहे. पायाला कशाचाही स्पर्श होऊ न देणे हे पहिले काम. रुग्णालयांत यासाठी पायांवर लोखंडी कमान ठेवून तिच्यावरून पांघरूण घेतात. घरी किराणा दुकानातून पुठ्ठ्याचा मोठा खोका आणून त्याच्या समोरासमोरच्या दोन बाजू कापल्या की तीच सोय होते. छोटे प्लास्टिकचे स्टूल आडवे ठेवूनही चालते. पाय आत आणि चादर वरून, अशी रचना करावी. एवढाही खटाटोप नको असेल तर पांघरूण पोटऱ्यांपर्यंतच घेऊन दुखरा पाय उघडा ठेवावा. कोकणातल्या पावसाळ्यात डासांमुळे मच्छरदाणी टाळता येत नाही, पण तिची कड गादीखाली खोचताना ती नेमकी अंगठ्यावर ताणली जाते. पायाकडची बाजू सैल सोडावी किंवा खोक्यावरून घ्यावी. त्या पायात मोजा किंवा चांदीचे वळे असेल तर सूज आणखी वाढण्याआधी काढून ठेवावे.

पाय उंच ठेवल्याने सूज आणि ठणका दोन्ही कमी होतात, पण तो कसा उंच करायचा यात अनेकांचे चुकते. नुसत्या टाचेखाली एक उशी सरकवली की गुडघा ताणला जातो, टाच रुतते आणि तासाभरात माणूस पाय खाली घेतो. त्याऐवजी गुडघ्यापासून घोट्यापर्यंतच्या सबंध पोटरीखाली लोड किंवा घडी घातलेली गोधडी द्यावी, गुडघा किंचित वाकलेला असू द्यावा आणि टाच व पाऊल मोकळे अधांतरी राहील असे पाहावे. कुशीवर झोपायची सवय असेल तर न दुखणाऱ्या कुशीवर वळून दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये जाड उशी घ्यावी, म्हणजे वरचा पाय सरकून अंगठा गादीला टेकणार नाही. काहींना सपाट झोपण्यापेक्षा आरामखुर्चीत, समोर चौरंगावर उशी आणि त्यावर पाय ठेवून जास्त बरे वाटते. तशी झोप लागत असेल तर तीही झोपच आहे.

शेकण्याबाबत आपल्याला उलटा अनुभव आला तो योग्यच होता. ताज्या झटक्यात गरम पाण्याने, वाळूच्या पुरचुंडीने शेकणे किंवा तेल लावून चोळणे यामुळे सहसा दुखणे चेतते. त्याऐवजी थंड शेक द्यावा : बर्फाचे तुकडे किंवा फ्रीजरमधील मटारची पिशवी पातळ पंचात गुंडाळून सुमारे वीस मिनिटे सांध्याच्या बाजूने लावावी आणि झोपण्यापूर्वीच्या दोन-तीन तासांत मध्ये अंतर ठेवून ते पुन्हा करावे. मटारची पिशवी अंगठ्याच्या आकाराप्रमाणे वळते आणि हलकी असते, म्हणून ती बर्फाच्या जड पिशवीपेक्षा सोसवते. थंडीने स्फटिक होतात असे मी वर म्हटले, मग बर्फ कसा चालतो, असे आपण विचाराल. स्फटिक तर आधीच झालेले आहेत. वीस मिनिटांच्या गारव्याने त्यांच्याभोवतीचा दाह आणि वेदना दबतात. नेहमीच्या औषधांना बर्फाची जोड दिलेल्या रुग्णांची वेदना अधिक उतरल्याचे एका लहान चाचणीत दिसलेही आहे. मात्र बर्फ थेट कातडीला लावू नये, तो पायावर ठेवून झोपी जाऊ नये, आणि मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेली असेल तर तो लावूच नये.

रात्रीचे उठणे कमी करण्याची तयारी संध्याकाळीच करावी. दिवसभर भरपूर पाणी द्यावे (हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्याला मर्यादा सांगितलेली असेल तर ती पाळावी), पण त्यातले बरेचसे संध्याकाळपर्यंत पोटात गेलेले असावे, आणि उशाशी एक तांब्या असावा. लघवीसाठी भांडे खाटेजवळ ठेवण्यात पुरुषांना संकोच वाटतो. चार-पाच रात्रींचा प्रश्न आहे, संकोच बाजूला ठेवावा. तरीही उठायचेच असेल तर न दुखणाऱ्या बाजूच्या हातात काठी, वाटेत एकही पायपुसणे नाही आणि वीज गेली तर हाताशी विजेरी, एवढी व्यवस्था असावी. जमिनीवर अंथरूण असेल तर ते तात्पुरते खाटेवर हलवावे, कारण जमिनीवरून उठताना सगळा भार पायाच्या बोटांवरच येतो.

आणि आपण स्वतः वेगळ्या अंथरुणावर झोपावे. आपण कूस बदलली की त्यांना सणक बसते आणि ते कण्हले की आपण जाग्या होता; यात कोणाचीच सेवा होत नाही. हाकेच्या अंतरावर असलात तरी पुरे.

एवढे करूनही पहिल्या दोन रात्री सलग झोप लागेलच, असे आश्वासन मी देणार नाही. झटक्याचा कळस सामान्यतः पहिल्या बारा ते चोवीस तासांत होतो, औषध वेळेवर मिळाले तर त्यानंतर उतार पडू लागतो आणि औषधाविनाही तो आठवडा-दोन आठवड्यांत शमतो. म्हणून तीन वाजता जाग आली तर घड्याळाकडे पाहत तळमळण्यापेक्षा उठून बसावे, अर्धा पेला पाणी घ्यावे, बर्फाची एक फेरी करावी, मंद आवाजात रेडिओ किंवा भजन लावावे, आणि डोळे जड झाले की पुन्हा आडवे व्हावे. या दिवसांत दुपारी झोपण्यास माझी हरकत नाही. रात्रीची झोप बिघडेल म्हणून आजारी माणसाला दुपारी जागे ठेवणे हा नियम झटक्याच्या काळात लागू करू नये. संध्याकाळनंतरचा चहा तेवढा टाळावा.

फेबुक्सोस्टॅट थांबवण्याचा निर्णय मात्र डॉक्टरांना न विचारता व्हायला नको होता. युरेट कमी करणारे औषध सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत झटके वाढू शकतात, कारण सांध्यांत वर्षानुवर्षे साठलेले स्फटिक विरघळू लागताना हलतात आणि दाह पेटतो. गोळी लागू पडत असल्याची ती खूण असू शकते, आणि म्हणूनच सुरुवातीचे तीन ते सहा महिने बहुधा लहान मात्रेत कोल्चिसिन जोडीला देतात. तशी जोड दिली होती का, हे विचारावे. गोळी चालू असताना झटका आला तर ती सहसा चालूच ठेवायची असते. अंगावर पुरळ उठले तर मात्र तत्काळ थांबवून डॉक्टरांना कळवायचे. युरिक ॲसिडचा ६.४ हा आकडा प्रयोगशाळेच्या कागदावर नॉर्मल असला तरी गाऊटचे उपचार घेणाऱ्यासाठी उद्दिष्ट ६ च्या खाली असते, आणि झटक्याच्या दिवसांत हा आकडा खोटा कमी दिसू शकतो. झटका ओसरल्यावर किमान दोन आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी.

पुढील लक्षणे दिसली तर मात्र झोपेचा विचार बाजूला ठेवून त्याच रात्री रुग्णालय गाठावे : थंडी वाजून ताप येणे, लाली पावलावरून वर सरकत जाणे, जवळ जखम किंवा पू असणे, एकाच वेळी अनेक सांधे सुजणे. सांध्यात जंतुसंसर्ग झाला तर तो वरून गाऊटसारखाच दिसतो आणि काही तासांच्या विलंबाचीही किंमत मोठी असते. औषधांमुळे काळी शौच, सततच्या उलट्या-जुलाब किंवा लघवी कमी होणे असे झाले तरीही थांबू नये.

श्रावणी सोमवारचा उपवास आपल्याकडे असेल तर या झटक्यात तो सोडावा. उपाशी राहिल्याने मूत्रपिंडावाटे युरेट बाहेर पडणे मंदावते, आणि औषधेही भरल्या पोटी घ्यायची आहेत. डाळी, पालक, टोमॅटो बंद करण्याचा आग्रह शेजारी धरतील. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात गाऊटचा धोका मांस आणि मासळीने वाढलेला दिसला, प्युरिनयुक्त भाज्यांनी वाढलेला दिसला नाही, आणि दूध-दह्यामुळे तो कमीच आढळला. तेव्हा रात्री मऊ वरण-भात आणि ताक द्यायला हरकत नाही. कलेजी, तारली, सुकी मासळी आणि गोड शीतपेये मात्र दूर ठेवावीत.

झटका ओसरल्यानंतरच्या भेटीत डॉक्टरांना रक्तदाबाच्या गोळीची पट्टी दाखवावी. गोळीच्या नावामागे ‘एच’ असे अक्षर असेल तर तिच्यात बहुधा हायड्रोक्लोरोथायाझाइड हे लघवी वाढवणारे औषध असते आणि ते युरेट वाढवते. लोसार्टन मात्र ते थोडे कमी करते, त्यामुळे बदल शक्य आहे का, हे विचारावे. गोळी आपल्या मनाने बंद करू नये. त्याच भेटीत घोरण्याचा विषय आपण स्वतः काढावा. घोरणारा माणूस तो सहसा काढत नाही.